एका खणात दोन येसाजी

नाही रे, यादी चुकलेली नाही — म्हणजे बघ, मशीनच्या हिशेबानं नाही चुकलेली. बस. अरे बस, बदली कामगार म्हणून सहा वर्षं काढलीस, अजून पाच मिनिटं काढ. कायम झालेल्यांत येसाजी शेलार आहे, कुडपणचाच आहे, पण तो तू नाहीस, तुझा चुलतभाऊ — हो, दोन वर्षांपूर्वी लागला तोच! कसं म्हणजे? तुमच्याकडची रीत, आजोबा गेले की पहिल्या नातवाला त्यांचं नाव, आणि तुझ्या आजोबांना मुलगे दोन. त्यात माझी अक्कल — बापाचं नाव घातलंच नाही, टाईप करायला लांब पडतं म्हणून.

रजिस्टरात होतास तू. कायम करायची बेचाळीस नावं, एकाखाली एक, जो आधी लागला तो वर, तू सातवा. कॉम्प्युटरात मी ती तशीच घातली होती — मुंबईला तीन महिने शिकून आलो ना, पंचेचाळिसाव्या वर्षी, पोरासोरांत बसून! साहेब म्हणाले, दत्ताराम, अशी यादी नको, नाव टाईप केलं की माणूस समोर आला पाहिजे. म्हणून यादीचे खण केले, नावागणिक एक. नाव आधीचंच असेल तर त्याच खणात लिही, हे मीच मशीनला सांगितलेलं. मग काय, आधी तू बसलास, मागून तो आला, तुला पुसलं नि त्याला बसवलं. ओरडत नाही रे ते, गुपचूप करतं. उलटंही करून बघितलं, खणांची परत यादी केली — एकेचाळीसच आले. क्रमही गेला, सगळे अकारविल्हे उभे.

कधी बघितलं? बघितलं कधीतरी... कायम केल्याची पत्रं टाईप व्हायच्या आधी. आता बोललोच आहे तर ऐक. साहेब सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटत होते, मशीन आलं, चुका गेल्या म्हणत होते, आणि मी आपला उभा, हसतोय. लाज वाटते रे.

रजिस्टर? बॉयलरवाल्याला दिलं जाळायला. मीच दिलं.

काय? लिहून देऊ? सही करून? नाही बाबा — दोन पोरी आहेत लग्नाच्या, आणि थकलोय मी, खरंच थकलोय. तू जा आता, पोलादपूरची गाडी सुटेल. आणि साहेबांना घेऊन आलास ना, येसाजी, तर मी सांगेन — यादीत येसाजी एकच होता, पहिल्यापासून.