यादी मोठ्याने वाचा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाच्या संचालक डॉक्टर मॅडम, व्यासपीठावरचे प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपल्या संगणक विभागाचे प्रमुख, काका, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू, परिचारिका, तंत्रज्ञ, कार्यालयातले सहकारी आणि खुर्ची न मिळाल्यामुळे दाराशी उभे असलेले सगळे, आपणा सर्वांना नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. घरी घड्याळ लावून तयार केलेलं भाषण साडेचार मिनिटांचं होतं. ते माझ्या पर्समध्ये आहे आणि पर्स खुर्चीवर राहिली आहे. हातात ही निळी वही आहे. तिच्याकडे येतेच.

काकांबद्दल काय सांगायचं? सगळ्यांना ठाऊक आहे ते आधी सांगते. त्यांना ‘थांबाकाका’ म्हणतात, कारण काहीही विचारा, पहिला शब्द ‘थांबा’. नाव कुणी ठेवलं ते मी सांगणार नाही. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, रक्ताचे नमुने घेतात आणि आत्ता खाली बघताहेत. काका दोन बोटांनी टाइप करतात. मी इथे आले त्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, “इंजिनियरबाई, दहाही बोटं चालतात का हो तुमची? मग चुकाही पाचपट होत असतील.” मी हसले नव्हते. मला तेव्हा तो टोमणा वाटला होता.

मॅडम, माईक जरा कुरकुरतोय. चालेल ना? बरं.

आमचं काम इथे फारसं कुणाला दिसत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. आपल्या सर्व्हरवर, म्हणजे मुख्य संगणकावर, लिनक्स नावाची प्रणाली चालते. त्यातला प्रत्येक प्रोग्राम पॅकेज म्हणून येतो आणि कुठलंच पॅकेज एकट्याने राहत नाही. त्याला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं, आणि तेही अमुक एका आवृत्तीचं. अपग्रेड करायला घेतलं की एकाला तिसऱ्याची नवी आवृत्ती हवी असते आणि दुसरं जुनीवर अडून बसतं. मग सर्व्हर स्वतःच तोडगा काढतो. तो म्हणतो, ही एवढी पॅकेजं काढून टाकतो, म्हणजे कटकट मिटेल. हो म्हणू की नाही?

इथे काकांची एक पद्धत आहे. ‘हो’ म्हणायच्या आधी ती काढायची यादी मोठ्याने वाचायची. एकेक नाव, पडद्यावर बोट ठेवून. “डोळे उड्या मारतात,” ते म्हणायचे, “तोंडाला प्रत्येक नावावर थांबावं लागतं.” मला त्याची लाज वाटायची. पदवी घेऊन आलेल्या माणसाने बंद खोलीत पहिलीतल्या मुलासारखं वाचत बसायचं? ते शेजारी असले की मी वाचायची. ते नसले की नाही.

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी ते नव्हते. काकूंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती. जाताना म्हणाले, “अपग्रेडचं सोमवारी आल्यावर बघू. तोवर थांबा.” मी थांबले नाही. मला ते त्यांच्याशिवाय करून दाखवायचं होतं. दुसरं काहीही कारण नव्हतं.

दुपारी बाराला सुरू केलं. दहा मिनिटांत अडलं. काकांनी एक जुनं पॅकेज जागेवर रोखून ठेवलं होतं, अपग्रेडमध्ये हलू नये म्हणून. का, ते मी सर्व्हरवर शोधलं. काही लिहिलेलं सापडलं नाही. म्हाताऱ्या माणसाची खोड, असं ठरवून मी ते मोकळं केलं. सर्व्हरने यादी दाखवली. काढायची पॅकेजं त्रेचाळीस. मी नजर फिरवली आणि ‘हो’ म्हटलं. एकतिसावं नाव आपल्या लेबल छापणाऱ्या प्रोग्रामचं होतं.

सोमवारची सकाळ आपल्याला आठवत असेल. लेबलाच्या यंत्रातून कोऱ्या पट्ट्या येत होत्या. नळ्यांवर हाताने नंबर घातले, काही पुसले, काही कुणालाच वाचता आले नाहीत. अकरा माणसांना दुसऱ्यांदा सुई टोचून घ्यावी लागली. त्यातल्या एक आजी तर घरी पोहोचल्या होत्या. त्यांना परत बोलावलं. तिसऱ्या रांगेतल्या ताई तेव्हा आमच्या खोलीत येऊन म्हणाल्या होत्या, “काका, तुमच्या जुन्या जुगाडापायी मी त्या म्हातारीची शीर पुन्हा शोधू? लाज वाटते हो मला तिच्यासमोर.” काका म्हणाले, “थांबा, बघतो.”

ताई, मी तिथेच उभी होते. तुमच्या डाव्या हाताला.

त्या गेल्यावर काकांनी मला विचारलं, “यादी वाचली होती?”

“हो.”

“मोठ्याने?”

मी पडद्याकडे बघू लागले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. खुर्ची पुढे ओढली आणि एकेका प्रोग्रामला विचारत गेले, तुला जुनं पॅकेज कशासाठी हवं? तीन प्रोग्राम अडून बसले होते. दोघांनी नुसतंच ‘हीच आवृत्ती’ लिहून ठेवलं होतं, नवीवरही ते नीट चालत होते. खरी गरज एकट्या लेबलाच्या प्रोग्रामला होती. “एकाच्या हट्टापायी बाकीच्यांची का अडवणूक? त्याला वेगळी खोली देऊ,” असं म्हणून त्यांनी ते जुनं पॅकेज फक्त त्याच्यासाठी निराळ्या जागी बसवलं. एक वाजून वीस मिनिटांनी पहिलं छापील लेबल आलं. सगळं दोन बोटांनी.

मॅडम, आपण घड्याळाकडे पाहिलंत. माझी पाच मिनिटं होत आली आहेत, कल्पना आहे. पण आता मधेच बसता येणार नाही.

चौकशी समितीसमोर काका इतकंच म्हणाले, “ते पॅकेज मी रोखलं होतं.” हे खरं आहे. बाहेर आल्यावर मी म्हटलं, “काका, हे काय केलंत?” तर म्हणाले, “अहो, तीन आठवड्यांनी मी घरी. तुम्हाला अजून किती वर्षं याच सर्व्हरसमोर डबा खायचाय.” मला बरं वाटलं. हेही सांगायला हवं. त्या क्षणी मला नुसतं बरं वाटलं. मग अहवाल आला. तो मी मनातल्या मनात वाचला आणि खाली सही केली. आज त्यातलं एक वाक्य काकांच्या पद्धतीने वाचते.

“सदर बिघाड संगणक विभागप्रमुखांनी पूर्वी केलेल्या व कोठेही नोंद न ठेवलेल्या फेरबदलामुळे झाला.”

आता ही वही. सर्व्हरच्या कपाटाला सुतळीने बांधलेली असते. मी तिचा उपयोग चहाचा कप ठेवायला करायची. वरचा हा गोल डाग माझ्या कपाचा, बहुधा त्याच रविवारचा. पान बासष्ट, अक्षर काकांचं, तारीख सहा वर्षांपूर्वीची: “हे पॅकेज रोखले आहे. लेबलाचा प्रोग्राम यावर अवलंबून आहे. मोकळे करण्यापूर्वी त्याची वेगळी सोय करावी.” नोंद होती. माझ्या कपाखाली होती.

काका, मान हलवू नका. आज मी थांबणार नाही.

अध्यक्ष मॅडम, त्या वाक्याच्या जागी असं वाक्य घालावं, ही माझी विनंती: सदर बिघाड साहाय्यक अभियंता, म्हणजे मी, यांनी नोंदवही न पाहता व यादी न वाचता केलेल्या अपग्रेडमुळे झाला. त्याखालीही माझी सही असेल. आपल्यासमोरच्या लिफाफ्यात काकांच्या जागी माझ्या नेमणुकीचं पत्र आहे, हे मला माहीत आहे. ते आज द्यायचं की नाही, हे आपण हे ऐकल्यानंतर ठरवावं.

काकू, डोळ्यांच्या त्या दिवसांत तुमच्याजवळ बसायचं सोडून काका इथे माझं काम निस्तरत होते. त्याबद्दल तुमची वेगळी माफी मागते. ताई, त्या आजींचा पत्ता नमुन्यांच्या रजिस्टरमध्ये असेल. मला द्या, मी स्वतः जाऊन येईन.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल आयोजकांचे, आणि ठरल्यापेक्षा जास्त वेळ ऐकून घेतल्याबद्दल सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर तेवढं सांभाळून घ्यावं. त्या रविवारचं सांभाळून घेऊ नये. ते नोंदवून घ्यावं.