कुलूपकाकांची शेवटची चाचणी

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील संचालक मंडळी, पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या काकी, आणि माझ्या सहकारी मित्रमैत्रिणींनो,

काका आज निवृत्त होतायत, आणि त्यांच्या निरोपाचं बोलायला मला उभं केलं, ही निवड चुकलीच. मी विभागप्रमुख, म्हणून नियमाने उभा आहे, एवढंच.

ज्यांना आमचं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे अनेक संगणक मिळून एकच साठा वापरतात. एका फाइलवर दोघांनी एकदम लिहिलं तर तिचं मातेरं होतं. म्हणून आधी कुलूप घ्यायचं, काम झालं की सोडायचं. ही कुलपं एकोणीस वर्षं काकांनी सांभाळली. कुलूपकाका हे नाव त्यांना कोणी ठेवलं ते विचारू नका. ठेवणारा मीच.

पण ही कुलपं तपासायची कशी? आम्ही दिवसभर फायलींच्या नकला करत बसायचो आणि काही अडकतंय का बघायचो. काका दरवर्षी म्हणायचे, कुलूप स्वतःच्या हाताने लावून-काढून बघता येईल अशी सोय करू दे. मी म्हणायचो, पुढच्या आवृत्तीत. सहा वर्षं मी त्यांना गोड बोलून टोलवलं. आज ते आठवून लाज वाटते.

शेवटी तीन महिन्यांपूर्वी त्यांनी ती सोय केलीच. कुलपाचं नाव लिहिलं की लागतं, पुसलं की सुटतं. ते कोणाकडे आहे आणि कोण ताटकळतंय, याची यादी पडद्यावर येते. पहिल्याच दिवशी दोन यंत्रं अडकलेली सापडली. वाचायचं कुलूप एकदम अनेकांना मिळतं, लिहायचं मात्र एकट्यालाच; इथे दोघांकडे एकाच फाइलचं वाचायचं कुलूप, दोघांना हवं लिहायचं, आणि समोरचा सोडेल म्हणून दोघंही थांबलेली. काकी, त्या दिवशी डबा तसाच परत आला, त्याचं कारण हे.

अशा चार चुका निघाल्या. तीन दुरुस्त झाल्या. चौथी क्वचित दिसते आणि ती फक्त काकांना कळते. आम्ही यादी वाचतो आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघतो.

काकांना सहा महिने मुदतवाढ मिळू शकत होती. अर्ज मी करायचा होता. मला वाटलं, काका थकलेत, अजून थांबायचं असेल तर स्वतःच म्हणतील. आज दुपारी ते खण आवरत होते, तेव्हा सहज विचारलं.

ते म्हणाले, "थांबलो असतो की. तू विचारशील म्हणून वाट बघत होतो."

अर्जाची मुदत काल संपली. मी लगेच वर जाऊन आलो. अध्यक्ष महोदयांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल त्यांचे आभार, पण आता त्यांच्याही हातात काही नाही.

चाचणी आत्ताही पलीकडच्या खोलीत चालू आहे. अडकली की यादी नीट वाचा, असं काकांनी सांगून ठेवलंय. वाचू. कळेल, असं वचन मात्र देववत नाही.

आपण सगळे आलात, मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. आणि काका, तुम्हाला विचारायचं राहून गेलं, त्याची माफी मी तुमच्याकडे मागतो.