चार बोटं बाहेर

नाही, पण मला सांगा, नुसतं रिकामं म्यान भिंतीवर टांगतं का कोणी? तलवार टांगतात, समजू शकते. तलवार आणि म्यान दोन्ही टांगतात, तेही समजू शकते. पण नुसतं म्यान? आमच्याकडे आहे! येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "अरे वा, आणि तलवार कुठंय?" आणि आम्ही सगळे एकदम जमिनीकडे बघतो. कारण तलवार खरंच तिकडेच आहे... खालच्या मजल्यावर, काकांच्या भिंतीवर, उघडी! आणि हे सगळं कशावरून? चार बोटांवरून!

थांबा, नीट सांगते. मला बोलायची सवय नाही, त्यामुळे एकदा सुरू झालं की कुठे थांबायचं ते कळत नाही, सांभाळून घ्या.

माझे बाबा आणि काका जुन्या ग्रीक तलवारी जमवतात. खऱ्या नव्हेत हो! खऱ्या संग्रहालयात काचेमागे असतात, आणि दोन-अडीच हजार वर्षं गंजून त्यांचं भिजलेलं बिस्किट झालेलं असतं. या नकला. आजचे कारागीर घडवतात, खोक्यातून घरी येतात, आणि मग ही खोटी तलवार किती खरी आहे, हे ठरवत बसायचं, हा या दोघांचा छंद. बाबा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात पाइपांची ड्रॉइंगं काढतात, त्यामुळे मापाशिवाय बोलत नाहीत. काका दातांचे डॉक्टर. ते पात्यावर वाकून टॉर्च मारतात तेव्हा मला वाटतं, आता हे तलवारीला म्हणणार, "आ करा."

दर रविवारी संध्याकाळी काका-काकू वर यायचे. पलंगावर जुनी चादर, चादरीवर तलवारी, आईचा स्वयंपाकघरातला वजनकाटा, आणि मग सुरू! "दादा, केवढी जड आहे रे ही! हिने लढायचं की व्यायाम करायचा?" "आणि मूठ बघ मूठ! कोणाच्या हातासाठी केलीय, हत्तीच्या?" नुसता आरडाओरडा. पण तो भांडणाचा आवाज नव्हता, हे मला पलीकडच्या खोलीत अभ्यास करताना न बघताही कळायचं.

मग ती आली. झिफोस म्हणतात तिला. दोन्हीकडून धार, मध्ये कणा, आणि पातं एखाद्या लांबट पानासारखं, मध्ये फुगून टोकाला निमुळतं होणारं. दोघांनी मिळून मागवलेली. लाकडाचं, कातड्याने मढवलेलं म्यानही सोबत होतं. बाबांनी दोन्ही हातांनी अलगद तलवार म्यानात सरकवली... सरकवली... आणि ती अडकली. चार बोटं बाहेर.

"म्यान आखूड आहे," काका म्हणाले.

"तलवार लांब आहे," बाबा म्हणाले.

तुम्ही म्हणाल, एकच की! मलाही तेच वाटलं. पण नाही! म्यान आखूड म्हणजे तलवार बरोबर, आणि तलवार लांब म्हणजे म्यान बरोबर, आणि यातलं एक कोणीतरी खोटं, आणि ते कोण? बाबा म्हणाले, "जुन्या ग्रीक मडक्यांवरची चित्रं बघ. काखेत मावेल एवढीशी असते. भाला मोडल्यावर अंगाला भिडून लढायची वस्तू ती!" काका म्हणाले, "मडक्यावर जागा नसेल म्हणून लहान काढली असेल! तू कागदावर पाइप काढतोस तो खराही तेवढाच असतो का?" बाबा म्हणाले, "माझ्या पाइपांवर जायचं काम नाही." काका म्हणाले, "तू कागदाबाहेरचं काही बघितलंयस का जन्मात?" बाबा म्हणाले, "आणि तू लोकांच्या तोंडाबाहेरचं?" आणि मग शाळेच्या फिया निघाल्या, कोणाला शिकवलं आणि कोणाला लवकर कामाला लावलं ते निघालं, आणि मी वहीतून डोकं वर काढून बघितलं, तर तलवारीबद्दल कोणीच बोलत नव्हतं. मला वाटतं, ती वाक्यं बरीच वर्षं आत पडून होती. तलवारीने त्यांना बाहेर यायला जागा दिली, एवढंच. किती जागा? चार बोटं!

बाबांनी म्यान ठेवून घेतलं, काका तलवार घेऊन खाली गेले, आणि रविवार बंद.

आणि मी? मी झाले टपाल! "तुझ्या काकांना सांग, पाण्याची टाकी धुवायचीय." "तुझ्या पिताश्रींना सांग, धुवा म्हणावं." एकदा बाबांनी माझ्या हातात टेप दिली, "सहज गेल्यासारखी जा, आणि पात्याची लांबी घेऊन ये." गेले. तर काकांनी मला दात बघायचा तो छोटा आरसा आणि टॉर्च दिली, "सहज गेल्यासारखी जा, आणि म्यान आतून किती खोल आहे ते बघून ये." दोघांनाही वाटत होतं, ही आपली हेर!

तर हेराने बघितलं. खाली तलवारीच्या मुठीवरचं कातडं एका कडेने जरासं सुटलं होतं, ते नखाने उचललं, तर आत काय? स्टारचा स्क्रू! आता मला सांगा, कोणता ग्रीक सैनिक कमरेला स्क्रू ड्रायव्हर लावून लढाईला गेला होता? मग वर येऊन म्यानात टॉर्च मारली, आरसा तिरका केला... प्लायवूड. थरावर थर, मधला गोंदसुद्धा दिसत होता.

मी गप्प बसले. कारण एकाचीच वस्तू खोटी म्हटली असती तर दुसरा जिंकला असता. दोघांना सांगायचं, तर दोघं एका खोलीत यायला नकोत का?

मग काकूने जिन्यात आईला सांगितलं, की काकांनी दवाखान्याजवळ घर बघितलंय आणि रविवारी घरमालकाशी बोलणी आहेत. आई वर आली आणि कोरडाच ओटा कितीतरी वेळ पुसत राहिली. एवढं मोठं घर सोडून जायचं... चार बोटांवरून?

त्या रविवारी काका दारात उभे! हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली तलवार. ती माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "तुझ्या बाबांना सांग, नव्या घरात जागा नाही. ठेवून घ्या म्हणावं." बाबा तिथेच उभे होते, काकांना हात लागेल एवढ्यावर! त्यांनी भिंतीवरून म्यान काढलं, माझ्या दुसऱ्या हातात दिलं, "तुझ्या काकांना सांग, मला उपकार नकोत. हेही घेऊन जा म्हणावं."

आता एका हातात तलवार, एका हातात म्यान, मध्ये मी, आणि दोघंही माझ्याकडे बघतायत. माझे कान गरम झाले. आणि तोंडातून निघून गेलं, "दोन्ही खोटी आहेत."

मी दोन्ही हात पुढे केले.

"तलवारीत स्टारचा स्क्रू आहे. म्यान प्लायवूडचं आहे. दोघांचंही चुकलंय."

काका वळले. माझ्याकडे नाही, बाबांकडे! "दादा, ही काय म्हणतेय?"

दादा! तुम्हाला सांगते, कित्येक महिन्यांत मी तो शब्द ऐकला नव्हता.

"काहीतरीच म्हणतेय!" बाबा म्हणाले. "स्क्रू नंतर कोणी दुरुस्तीला बसवला असेल. तलवार चांगलीच आहे तुझी." "आणि प्लायवूड कसलं?" काका म्हणाले. "लाकडाचे थर चिकटवायची पद्धत जुनीच आहे! तुझं म्यान मला पहिल्यापासून पटलं होतं, दादा." खोटं! साफ खोटं! आणि बघता बघता पलंगावर चादर पडली, वजनकाटा आला, आणि दोघं खांद्याला खांदा लावून माझ्यावर तुटून पडले, "बस इथे. आजकालच्या पोरांना वाटतं, टॉर्च मारली की इतिहास कळला!" काकांचा फोन वाजला, घरमालकाचा होता. काका म्हणाले, "आज नाही जमणार हो, घरात महत्त्वाचं काम निघालंय."

तेव्हापासून दर रविवारी हेच, आणि रात्री तलवार पुन्हा खाली, म्यान पुन्हा आमच्या भिंतीवर. मला मध्ये बसवतात आणि दोन्ही बाजूंनी शिकवतात. आता "हो, माझंच चुकलं" म्हणणं किती सोपं होतं! पण मी मान्य केलं, तर ते पुन्हा एकमेकांकडे वळतील ना? म्हणून मला वाद घालावा लागतो. मोठ्याने! आणि दर वेळी नवी चूक काढावी लागते. एकदा पात्याच्या जास्तीच्या चकाकीवर बोट ठेवलं, एकदा म्यानाच्या मशीनच्या शिलाईवर.

काल आई हळूच खोलीत आली, दार लोटलं आणि कुजबुजली, "काय गं, अजून चुका शिल्लक आहेत ना?"

"आहेत," मी म्हटलं, "पण पुरवून पुरवून काढायला हव्यात. काकांनी घर बदलायचं सोडून खाली नवीन फरशी बसवायला घेतलीय."