तिसरी पावडी

सून : करवत खाली ठेवा, सुतारदादा.

सुतार : वहिनी, खूण करून झालीय. दोन हात मारले की काम फत्ते. हुकूम अण्णांचा आहे, माझ्याकडे डोळे वटारू नका.

सासरे : सूनबाई, तू सुताच्या कांड्या ठेवायला आली होतीस. त्या ठेव आणि घरी जा. उद्या विणकरसभेला तीनशे वर्षे पूर्ण होतात. मूळ पुरुषाच्या या मागावर बसून प्रमुखाने, म्हणजे मी, सर्वांसमक्ष वीतभर वस्त्र विणावे, असा संकल्प मी सोडला आहे. परंतु या आडव्या दांड्याखाली माझे गुडघे शिरत नाहीत. तो कापून चार बोटे वर बसवावाच लागेल.

सुतार : आणि ही तिसरी पावडीही काढायची. पायाने दाबायच्या दोन पावड्यांनी माग चालतो. ही कशालाच जोडलेली नाही, नुसती अण्णांच्या पायात येते.

सासरे : नुसती म्हणू नकोस! ती त्रिकालाचे प्रतीक आहे. सभेच्या इतिहासात मी तिच्यावर अकरा पाने लिहिली आहेत. काढल्यावर ती काचेच्या पेटीत सन्मानाने ठेवू.

सून : मामंजी, या मागावर शेवटचं कोण बसलं होतं?

सासरे : कोणीही नाही. पूजनीय वस्तू वापरायची नसते.

सुतार : की बसता येईना, म्हणून पूजनीय झाली?

सासरे : तुझी जीभ तुझ्या रंध्याहून धारदार आहे.

सून : मला बसू द्या. एकदाच. नाही जमलं तर दांडा कापा, मी तोंडातून अक्षर काढणार नाही.

सासरे : सभेच्या या दालनात स्त्रीने कांड्या भराव्यात, सुताला खळ द्यावी. मागावर ती कधी बसलेली नाही. ही मर्यादा मी घातलेली नाही. मी तिचा केवळ रक्षक आहे.

सून : गेल्या वर्षी ज्या निळ्या वस्त्राला तुम्ही सभेत पहिला मान दिलात, ते कुणी विणलं होतं?

सासरे : माझ्या पुत्राने.

सून : त्यांचा हात मोडला होता, मामंजी. तीन महिने गळ्यात झोळी होती. जेवताना घास तुमच्यासमोर मी भरवत होते.

सासरे : ...ते माझ्या ध्यानात आले नाही.

सून : आलं होतं. तुम्ही विचारलं नाहीत.

सुतार : अण्णा, मी जरा बाहेर जाऊन येऊ का?

सासरे : थांब. कुठेही जाऊ नकोस. बस, सूनबाई.

(ती मागावर बसते.)

सुतार : अरेच्चा! गुडघे सरळ आत गेले की हो. दांड्याला शिवलेसुद्धा नाहीत.

सासरे : ती अंगाने लहान आहे. हा योगायोग आहे.

सुतार : योगायोगाने लाकूड झिजत नाही, अण्णा. खाली वाका, पावडी पाहा. टाचेचा खळगा पडलाय. एवढ्या टणक लाकडात असा खळगा पडायला वीस-पंचवीस वर्षं एकच पाय पडावा लागतो. आणि वहिनींची टाच त्यात कशी बसलीय पाहा! तुमचं पाऊल ठेवलंत तर निम्मं बाहेर येईल.

सासरे : मूळ पुरुष धिप्पाड होते. भिंतीवर त्यांचे चित्र आहे.

सुतार : ते त्यांच्यामागून शंभर वर्षांनी काढलेलं, खाली तसं लिहिलंय. दाढी अंदाजाने रंगवलीय हो!

सून : सुतारदादा, या तिसऱ्या पावडीच्या टोकाला भोक आहे का?

सुतार : आहे. आणि दोरीने घासून गुळगुळीत झालंय. पलीकडच्या खांबालाही तसंच भोक आहे, त्याच्यावर तुळईला कडी.

सून : मग ती जोडलेली होती. माझ्या घरच्या मागाला अशीच दोरी आहे, मी ती पायाच्या अंगठ्याला बांधते. उजवा पाय दाबला की डावा रिकामा होतो. त्या रिकाम्या पायाने पाळणा हलवायचा. विणता विणता तुमच्या नातवाला मी असाच झोपवला.

सासरे : पाळणा?

सून : हो, मामंजी. मूळ पुरुषाच्या मागाला.

सुतार : अण्णा, बसा. हे घ्या माझं स्टूल.

सासरे : अकरा पाने लिहिली मी. त्रिकालाचे प्रतीक म्हणून.

सुतार : पाळणा म्हणजे भविष्यकाळ आलाच की त्यात! अगदीच चुकला नाहीत.

सासरे : हसू नकोस. नाही, हस. आज तुला अधिकार आहे. या मागावर विणणारीचे नाव कोणी पुसले असे मी म्हणणार नाही. कोणी विचारलेच नसेल. तुझ्या निळ्या वस्त्राच्या बाबतीत मी जे एका वर्षात केले, तेच या सभेने तीनशे वर्षे केले. आणि उरला होता हा एक साक्षीदार, त्यावर मी करवत आणवली.

सून : विणून पाहू? धोटा टाकू?

सासरे : टाक.

सुतार : ऐका, ऐका फणीचा ठोका! अहो, दालन घुमतंय! मी वीस वर्षं माग दुरुस्त करतोय, असा आवाज कधी कानावर पडला नाही.

सासरे : ती त्याला ओळखते. किंवा तो तिला. उद्या वीतभर वस्त्र तू विणायचेस, सूनबाई, सर्वांसमक्ष. आणि त्यावर विणकराची खूण तुझी.

सून : सभेचे पंच उठून जातील.

सासरे : जाण्यापूर्वी प्रत्येकाने या दांड्याखाली गुडघे घालून दाखवावेत, एवढीच विनंती मी करीन.

सुतार : वा, अण्णा! मग मी उद्या पहिल्या रांगेत. आणि ते दाढीवालं चित्र?

सासरे : शिडी आण. चित्र उतरव. चौकट राहू दे, त्यात उद्याचे वस्त्र लावू. करवत मात्र आजच घरी ने, मला तिची लाज वाटते.

सून : मामंजी, कांडी संपली.

सासरे : दे इकडे. मी भरतो.

सुतार : अण्णा, तुम्ही?

सासरे : ही धर, सूनबाई.

सून : सैल झालीय.

सासरे : मग उकलून दे. पुन्हा भरतो. मला अजून येत नाही.