दोनियोर कुठे मेला

सुज्ञ वाचकहो, ओश शहरातील आमच्या उझ्बेक मोहल्ल्यात, होलमत सुताराच्या अंगणात झालेले एक संभाषण येथे आदरपूर्वक सादर करीत आहे. होलमतचा मुलगा दोनियोर सीरियात जिहादी टोळीतून लढताना मेल्याची वार्ता त्याच सकाळी आली होती. समोर बसलेले सोतीवोल्दी-आका हे मोहल्ल्याचे वडीलधारे होत.

सोतीवोल्दी : कमरेला दुखवट्याचा रुमाल बांधू नकोस असं कुठं म्हणतोय मी? बांध. टोपी घाल, फाटकात उभा राहा, लोक भेटायला येतील. फक्त पोरगा मॉस्कोत बांधकामावरून पडला, एवढं म्हण.

होलमत : पडलेल्याचं प्रेत तरी घरी येतं, आका. मला काय आलं? एका अनोळखी माणसाचा फोन. म्हणतो, अभिनंदन, मुलगा शहीद झाला, रडू नका.

सोतीवोल्दी : अभिनंदन! जीभ झडो मेल्याची.

होलमत : बोली आपल्याच खोऱ्यातली होती. हिनं विचारलं, कुठं पुरलंत? तर म्हणाला, ते विचारायचं नसतं.

सोतीवोल्दी : खरं सांगितलंस तर पोलीस येतील. धाकट्याला उचलतील. मुल्लाही फिरकायचा नाही.

होलमत : मग फातिहा मी वाचीन. चुकतमाकत वाचीन.

सोतीवोल्दी : हट्टी गाढव आहेस. बापावर गेलास.

होलमत : आका, तिथं मॉस्कोत कामगारांच्या वस्तीतल्याच एकानं त्याला तुर्कस्तानात काम देतो म्हणून नेलं. मी खोटं बोललो, तर मोहल्ल्यातले बाप पोरांना सांगतील, परांचीवर जपून चढ. त्या माणसापासून जप, हे कोण सांगणार?

सोतीवोल्दी : (फाटकाकडे बघत) लोक यायची वेळ झाली.

होलमत : मघापासून माझ्याकडे बघत का नाही तुम्ही?

सोतीवोल्दी : माझा एल्मुरोद तिथं दोनियोरच्याच खोलीत राहायचा.

होलमत : तुमचा नातू? तो तर मॉस्कोत गोदामात कामाला आहे ना?

सोतीवोल्दी : रोजे सुरू व्हायच्या आधीपासून फोन बंद आहे. सुनेला, त्याच्या आईला, सांगितलंय, गोदामात रेंज नसते. दोनियोर मॉस्कोत मेला, तर एल्मुरोदही मॉस्कोतच आहे. कळतंय का तुला?

होलमत : कळतंय.

सोतीवोल्दी : मग?

होलमत : तुमचे पाय धरतो, आका. पण हे नाही जमायचं.

सोतीवोल्दी : (उठत) बांध तो रुमाल. पहिला मीच येतो, आणि सगळ्यांदेखत विचारतो, पोरगा कुठं गेला म्हणून.

होलमत : तुमची सून तिथंच असेल, बायकांत.

सोतीवोल्दी : असेल. मोठ्यानं सांग.

हे शब्द आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल आपला अत्यंत ऋणी,
कोझिमजोन