वाळूच्या दगडावरची रेघ

नाही, नाही, ती ओळ आधी खोडा — 'आठ दहा ते आठ पंचवीस, निसर्गाच्या सान्निध्यात अल्पोपहार' — काका, ही सहल आहे की शाळेची तपासणी? मुख्याध्यापकाच्या खुर्चीवरून उठून सहा वर्षं झाली, तरी तुमच्या डोक्यात घंटा वाजतेच आहे. काकू म्हणाली, जा, वही बघून ये, सगळ्यांनी होकार दिलाय, तुझाच राहिलाय. बघितली वही. होणार नाही हे. का म्हणजे? मी होस्टेलवरून दोन दिवसांसाठी घरी येते आणि इथे माझा पुढचा रविवार परस्पर वाटून झालेला! एकवीस तारखेला मला जमणार नाही. पाठ आहेत माझे, मुलांसमोर घ्यायचे. रविवारी कसले पाठ? असतात. हल्ली रविवारी पण असतात, तुमचा जमाना गेला.

आणि मी नसले तरी तुम्ही तरी कशाला जाताय त्या डोंगरावरच्या उद्यानात? दगड बघायला सात माणसं! मला आठवतंय ना, भूगर्भशास्त्रात मी पहिली आले तेव्हा याच टेबलाशी बसून तुम्ही म्हणालात, दगडांचं शिक्षण झालं, आता जरा माणसांचं घे. सगळे हसले. बाबा तर तुमच्या आधी हसले — तुमचा चेहरा हलायच्या आधीच बाबांना कळतं कुठे हसायचं ते. आणि लगेच मास्तरकीच्या कोर्सचा फॉर्म, तुमच्या अक्षरात भरलेला, मी फक्त सही करायची. तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ते राहू दे. आजीचं काय? एकशे चाळीस पायऱ्या लिहिल्यात इथे. कुठून आणला आकडा? माहितीपत्रकातून ना, वाटलंच. ते छापलं तेव्हा असतील एकशे चाळीस. खालच्या तीसएक वाळूत गेल्यात, तिथून नुसता उतार आहे, घसरडा, आणि वरून सव्विसावी पायरी हलते. आजी त्या पायरीवर पाय ठेवणार? आणि पिण्याचं पाणी म्हणे दुसऱ्या वळणावर. तो नळ बंद आहे, त्याच्यात मधमाश्या बसतात. — मला कसं माहीत? वाचलं. कुठेतरी वाचलं मी.

आणि दहा वाजता वर पोचणार तुम्ही, दहा वाजता! नऊनंतर तो दगड तव्यासारखा तापतो, हात टेकवत नाही. दहाला लोक खाली पळत असतात, टोप्या उडालेल्या, पोरं रडतायत, कुणीतरी हमखास चक्कर येऊन बसलेलं. तुमची ही 'राजदरबार, सामूहिक छायाचित्र, वीस मिनिटे' — राजदरबार कोण म्हणतं हो त्याला? माहितीपत्रकवाले. अकरा खांब आहेत नुसते, एका रांगेत. बारीक मान आणि वर हे एवढं डोकं. डोकं कठीण दगडाचं, मान वाळूच्या दगडाची, मऊ, नखाने रेघ ओढली तर उमटते आणि दोन वर्षांत वारा पुसून टाकतो. मान झिजत जाते, डोकं आपलं तसंच, हेकट, कुणाला भीक न घालणारं. कडेचा सगळ्यात मोठा आहे ना, त्याला आम्ही थोरले काका म्हणतो. लोक विचारतात, मॅडम, हा पडणार कधी? मी सांगते, सगळे तेच विचारतात, पण तो काही —

आम्ही म्हणजे लोक. लोक म्हणतात तसं.

काय बघताय? बोला ना काहीतरी! — अच्छा. ही ती जुनी युक्ती. पोराला समोर उभं करायचं, आपण पेनाचं टोपण लावायचं आणि गप्प बसायचं. पाच मिनिटांत ते स्वतःच्या तोंडाने सगळं ओकतं. अख्खी शाळा तुमच्या त्या गप्प बसण्याला टरकायची. मी नाही टरकत. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. बसा. मी पण बसते.

बरं, सोडला! तिसऱ्याच आठवड्यात सोडला तुमचा कोर्स. आठ महिने झाले. खडू कसा धरायचा यावर दोन तास, काका, दोन तास! वहीत उतरवायचं, खडू पंचेचाळीस अंशांत. मी खिडकीतून उडी मारली असती. उद्यानात जागा निघाली, मी परीक्षा दिली, पहिल्या तिघांत आले — हे घरात कुणाला सांगायचं होतं? तुम्ही 'पोरखेळ' म्हणणार, बाबा मान डोलावणार, आई पदराने डोळे पुसणार. गाइड आहे मी तिथे. रोज दोन फेऱ्या. घसा बसतो, ओठ फुटतात, आणि मला ते आवडतं. आता सांगा बाबांना. तुम्ही नुसतं 'तिला घरी आण' म्हटलंत की ते गाडी काढतील, विचारणार पण नाहीत का म्हणून. त्यांना न्यायचंच असेल तर येऊ देत. मी येणार नाही, हे तुम्ही वहीत लिहून ठेवा, लाल पेनाने.

हे काय? मला नको तुमचा कागद. चष्म्याच्या डबीखाली काय काय लपवता — परवाना? 'सात व्यक्ती, रविवार, एकवीस तारीख. पहाटेची फेरी. मार्गदर्शक कु. —' माझं नाव!

हा कधी आला?

महिना झाला की याला. शिक्का बघा. महिनाभर तुम्हाला — आणि मग हा अल्पोपहार? हे दहा वाजता वर पोचणं? फेरी पहाटेची आहे, परवान्यावर छापलंय, आणि तुम्ही वहीत सगळं चुकीचं मुद्दाम लिहिलंत, मी येऊन खोडावं म्हणून? काकूला पण तुम्हीच पाठवलंत! लाज नाही वाटत, या वयात पोरीसाठी पिंजरा लावायला? बाबांना दाखवलात हा कागद? मान हलवू नका, मान झिजेल. तोंडाने सांगा, हो की नाही.

नाही दाखवलात. चांगलंय.

द्या ते पेन इकडे. साडेपाचला गेट. पावणेसहा नाही, साडेपाच. अल्पोपहार रद्द. आजी खाली चौकीत बसेल, तिथे खुर्ची आहे, माझी आहे. बाबांना तिथे पोचल्यावर कळेल, तोपर्यंत या घरात एक शब्द नाही. आणि वर गेल्यावर रांगेत चालायचं, पुढे पुढे करायचं नाही, मी बोलत असताना मध्ये माहिती पुरवायची नाही. नावाने हाक मारलीत तर मी वळणार नाही. तिथे मला मॅडम म्हणतात.

उशीर झाला तर मी थांबणार नाही. झालं. उचला ती वही.