बुधवारचं माप

२००५ सालच्या मे महिन्यात, हॉलंडमधल्या युट्रेख्ट स्टेशनच्या फलाटावर मराठी कानावर पडलं तसं संहिताने वाचता वाचता पुस्तक खाली केलं. शेजारच्या बाकावर लॅपटॉप घेतलेली मुलगी होती आणि कानटोपी घातलेले तिचे काका.

“काका, आमचे डेल्फ्ट विद्यापीठातले सर विचारतात, पाऊस नाही तर शाळेजवळच्या विहिरीत पाणी वाढलं कुठून?”

“डोंगरावर चर खणले ना आम्ही. अख्खं गाव श्रमदानाला होतं, नीरजा.”

“चरांत पाऊसच जिरतो, काका. आणि वरच्या आळीची विहीर तर कोरडी. माप कोण घेतं?”

“मीच. तू लिहिलंस तसं, दर बुधवारी दोरी सोडून. बोटभरसुद्धा खोटं नाही.”

“बुधवारी कधी?”

“टँकर गेला की.”

“कसला टँकर?”

“सरकारी. एप्रिलपासून येतो. विहिरीत ओततो, मग बायका शेंदतात.”

“टँकर विहिरीत ओततात? मला सांगितलं का नाहीत?”

“पाणी किती, एवढंच तू विचारलंस. कुठलं, ते कुठे विचारलंस?”

“पण वाढलेलं पाणी टँकरचं आहे, हे तुम्हाला तिथे दिसत नव्हतं?”

“आम्हालाही आधी तसंच वाटलं. पण चरांमुळे वाढलं, असं तूच हॉलंडहून कळवलंस. तू एवढी शिकलेली.”

“मग?”

“मग काय. टँकर आता नको, असा ग्रामसभेने ठराव केला.”

गाडी आली. तिघांपैकी कुणीच उठलं नाही.